खट् आवाज नेमका कुठला?

2023 चा पावसाळा संपता संपता आमच्या जुन्या छोट्या गाडीच्या पुढच्या भागातून आवाज येऊ लागला. खडबडीत रस्त्यावर हळू जाताना ‘खट्-खट्’, आणि कधी कधी ब्रेक दाबताना एकच ‘खट्’. मी स्टिअरिंगवर होतो, मला तो माझ्या पायाखालून येतो असे वाटे. शेजारी बसलेली पत्नी म्हणे, तो तिच्या पायाखालून येतो. मागे बसलेल्या मुलीच्या मते आवाज मधूनच येत होता. गॅरेजमध्ये गेलो तर मिस्त्रींनी एक फेरी मारली, “शॉकॲब्सॉर्बर गेले” म्हणाले आणि दोन्ही बदलून दिले. बिल भरून बाहेर पडलो आणि पहिल्याच खड्ड्यात पुन्हा ‘खट्’!

मिस्त्रींना दोष देण्याआधी थोडा विचार करू. गाडीत बसलेल्या तिघांना एकच आवाज तीन ठिकाणांहून का ऐकू यावा? आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपला मेंदू मुख्यतः दोन्ही कानांवर आवाज पोचण्याच्या वेळेतील फरकावरून ओळखतो. हा फरक जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांश इतकाच असतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर, तर पोलादात सुमारे 5000 मीटर. चाकाजवळ बसलेला धक्का पत्र्यातून क्षणार्धात सगळीकडे पसरतो. गाडीचा तळ, डॅशबोर्ड, दरवाजे सगळेच थरथरतात आणि प्रत्येक पत्रा स्वतः आवाज सोडू लागतो. तंबोऱ्याची तार बारीक असते, पण आवाज भोपळ्यातून येतो. गाडीतही तसेच. म्हणून ‘कुठून येतो’ हा प्रश्न सोडून ‘केव्हा येतो आणि केव्हा येत नाही’ असे विचारावे. त्याचे उत्तर प्रयोगाने मिळते.

त्यासाठी पुढच्या चाकाजवळची रचना माहीत हवी. आज बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे ‘मॅकफर्सन स्ट्रट’ असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने ही रचना 1940 च्या दशकात विकसित केली. 1950 मध्ये इंग्लंडच्या फोर्डने कॉन्सल आणि झेफिर या गाड्या तिच्यासह लोकांपुढे आणल्या. भारतात 1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 लाही पुढे हीच रचना होती. ती सुटसुटीत आहे. एक उभा शॉकॲब्सॉर्बर, त्याच्याभोवती स्प्रिंग. वरचे टोक रबरी माउंटिंग आणि बेअरिंगमार्फत बॉनेटखालच्या पत्र्याला बसवलेले. खालचे टोक चाक धरणाऱ्या ओतीव भागाला, म्हणजे नकलला, बोल्टने आवळलेले. नकलच्या खाली एक आडवी भुजा, लोअर आर्म. तिचे आतले टोक रबरी बुशमधून गाडीला जोडलेले आणि बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट. आपल्या खांद्यासारखाच हा उखळीचा सांधा: वाटीत गोळी. चाक वर-खाली होते आणि वळतेही, म्हणून इथे साधी बिजागरी चालत नाही.

आता वजनाचा मार्ग पाहू. गाडीचे वजन वरच्या माउंटिंगमधून स्प्रिंगवर, स्प्रिंगमधून स्ट्रटवर, नकलवर आणि चाकावर उतरते. लोअर आर्मवर ते जवळजवळ येतच नाही. तिचे काम चाकाला आडव्या दिशेत जागेवर धरण्याचे. त्यामुळे बॉल जॉइंट एकाच दिशेने सतत दाबलेला नसतो. ब्रेक लावला की त्याच्यावर मागे जोर येतो, इंजिनाने चाक ओढले की पुढे, खड्ड्यात आणखी वेगळ्या दिशेला. सांधा झिजून वाटीत अर्धा-एक मिलिमीटर मोकळीक झाली, गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’ आला, की बलाची दिशा बदलताच गोळी एका भिंतीवरून दुसरीवर आदळते. हाच तो ‘खट्’. सतत दाबलेला सैल सांधाही गप्प बसतो. दिशा बदलली की वाजतो. मोठ्या गतिरोधकापेक्षा बारीक खडबडीत रस्त्यावर पुष्कळदा जास्त आवाज येतो, तो यामुळेच.

तर प्रयोग सुरू करू. आधी डिकीतला जॅक, पाने आणि बाटल्या बाहेर काढाव्यात. हसू नका, पुष्कळ ‘सस्पेन्शनचे आवाज’ इथेच संपतात.

मग रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा गतिरोधक शोधून तो दोनदा ओलांडायचा: एकदा सरळ, म्हणजे दोन्ही चाके एकदम वर जातील, आणि एकदा रस्ता मोकळा पाहून तिरपा, म्हणजे चाके पाठोपाठ चढतील. वळणावर गाडी फार कलू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत दोन्ही बाजूंना जोडणारा पोलादी दांडा असतो, स्टॅबिलायझर बार. दोन्ही चाके एकदम उचलली तर तो आपल्या बुशमध्ये नुसता फिरतो, पिळला जात नाही. एकच चाक उचलले तर मात्र पिळला जातो आणि त्याच्या बुशवर व लिंकवर जोर येतो. तेव्हा सरळ ओलांडताना शांत आणि तिरपे ओलांडताना आवाज, असे घडले तर संशय या बारवर. एक पाना न लावता मिळालेला हा निष्कर्ष मला फार आवडतो. आमची गाडी मात्र दोन्ही वेळा वाजली.

तिसरा प्रयोग: खडबडीत रस्त्यावर हलका ब्रेक धरून जायचे. आवाज थांबला तर ब्रेकचे पॅड सैल आहेत. आमचा थांबला नाही. चौथा: गाडी उभी करून स्टिअरिंग वळवायचे. ‘टण्ण’ असा आवाज आला आणि स्प्रिंग झटक्याने फिरली तर वरचे बेअरिंग अडकले आहे. स्प्रिंग पिळली जाते आणि मग एकदम सुटते. आमच्याकडे तसे काही नव्हते. पूर्ण वळण घेऊन गाडी पुढे नेताना ‘टक-टक-टक’ आले तर दोष सस्पेन्शनमध्ये नसून बहुधा ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यात असतो. ओळखायची खूण म्हणजे लय. छोट्या गाडीच्या चाकाचा परीघ सुमारे 1.6 मीटर धरला, तर ताशी 20 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साडेतीन फेरे घेते. चाकाबरोबर फिरणाऱ्या भागाचा आवाज वेगाबरोबर वाढत्या लयीत येतो. सस्पेन्शनचा आवाज रस्त्याच्या लयीत येतो.

कुंईकुंई हा वेगळाच प्रकार. रबर धातूला चिकटते, ताण वाढला की सटकते, पुन्हा चिकटते. फळ्यावर खडू किंचाळतो त्याचेच हे भावंड, आणि वर्गात दाखवायला सोपे. संशयित बुशवर साबणाचे पाणी मारावे. कुरकुर थोडा वेळ थांबली तर जागा सापडली. इंजिन ऑइल मात्र ओतू नये, बुशचे रबर त्याने फुगते आणि कुजते.

आणि शॉकॲब्सॉर्बर? गाडीचा कोपरा दाबून सोडावा. कोपरा वर येऊन जवळजवळ लगेच स्थिरावला तर दोलनांचे अवमंदन ठीक आहे. डुलत राहिला किंवा नळीवर तेल ओघळलेले दिसले तर शॉकॲब्सॉर्बर गेला. आमचे जुने बदलण्यापूर्वी ही अर्ध्या मिनिटाची चाचणी कुणीच केली नव्हती, मीसुद्धा.

उरला होता ब्रेकचा ‘खट्’. दाबताना एक आणि सोडून पुन्हा वेग घेताना एक. म्हणजे बलाची दिशा पुढे-मागे बदलते तेव्हा. आता संशयित दोनच: लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट. दुसऱ्या एका गॅरेजमधल्या वयस्क फिटरना मी हे सांगितले. त्यांनी गाडी उचलून घोडीवर ठेवली (नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातही घालू नये), चाक वर आणि खाली धरून हलवले. टक्. मला म्हणाले, “साहेब, ब्रेक दाबून धरा.” ब्रेक लावल्यावर चाक आणि नकल एकत्र बांधले जातात, चाकाच्या बेअरिंगमधला प्ले त्यामुळे नाहीसा होतो. हा झाला नाही, म्हणून बेअरिंग निर्दोष. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर टाय रॉडचा एंड कळतो; तोही घट्ट होता. मग त्यांनी लोअर आर्म आणि नकल यांच्यामध्ये टॉमी घालून उचकटले. डाव्या बाजूच्या बॉल जॉइंटची फट डोळ्यांना दिसेल इतकी उघडली आणि मिटली. म्हणजे माझ्या पायाखाली वाजणारा आवाज पलीकडच्या चाकाचा होता.

सांध्यावरचा रबरी बूट फाटलेला होता. त्यातून पाणी आणि माती आत गेली, ग्रीस धुपले आणि माती पॉलिश पेपरसारखी गोळी घासत राहिली. हे असेच चालू राहिले तर एक दिवस गोळी वाटीतून निसटते. निसटली की चाकाचा खालचा भाग मोकळा होतो, चाक बाहेर फाकते, गाडीचा कोपरा रस्त्यावर बसतो आणि स्टिअरिंगचा ताबा जातो. त्या सप्टेंबरात आम्ही दोनदा घाट उतरलो होतो. फिटरनी ते ऐकून काही न बोलता मला तो सांधा हातात दिला.

नव्या सांध्याची किंमत आधीच्या शॉकॲब्सॉर्बरच्या बिलापुढे किरकोळ होती. तो बसवून त्यांनी व्हील अलाइनमेंट करून घ्यायला सांगितले, आणि उजव्या बाजूचा बूटही फाटायच्या बेतात आहे असे दाखवले. तोही लगेच बदलला.