औद्योगिक नियंत्रकांचे संदेशवहन : तारजोडणी व वेळेचे पूर्वनियोजन

प्रस्तावना :
कारखान्यातील वा जलशुद्धीकरण केंद्रातील पीएलसी हा नियंत्रक दूरवरच्या मीटर व संवेदकांकडून माहिती मिळवून पंप, झडपा व मोटारी चालवितो. या देवाणघेवाणीसाठी मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली प्रसिद्ध केलेली मॉडबस ही संदेशपद्धती आजही वापरात आहे. प्रत्यक्षात आधी तारा टाकल्या जातात व संदेशवहनाची मूल्ये नंतर ठरविली जातात. वस्तुतः या दोहोंचा विचार एकत्रितपणे होणे आवश्यक आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

तारजोडणी :
मॉडबससाठी बहुधा आरएस-४८५ ही जोडणी वापरतात. कमी वेगास तारेची लांबी सुमारे १२०० मीटरपर्यंत चालते. उपकरणे एकापुढे एक अशा साखळीने जोडावीत. मध्येच लांब फांद्या काढल्यास संकेत परावर्तित होतात. याच कारणास्तव साखळीच्या केवळ दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध लावतात. पीळ दिलेली जोडतार वापरावी, ती विद्युतशक्तीच्या केबलपासून दूर ठेवावी आणि तिचे धातुवेष्टन एकाच ठिकाणी भूसंपर्कित करावे. ‘ए’ व ‘बी’ या खुणांचा अर्थ सर्व उत्पादक सारखाच घेत नाहीत. म्हणून जोडणीपूर्वी माहितीपुस्तिका पाहावी.

संदेशवहनाची मूल्ये :
बॉड रेट, पॅरिटी व स्टॉप बिट सर्व उपकरणांत समान असावेत. प्रत्येकास १ ते २४७ मधील स्वतंत्र क्रमांक द्यावा.

वेळेचे गणित :
९६०० बॉड वेगाने ११ बिटांचे एक अक्षर सुमारे १.१५ मिलिसेकंद घेते. दहा नोंदी वाचण्यासाठी प्रश्नाची ८ व उत्तराची २५ अक्षरे लागतात. दोन्ही संदेशांनंतरची शांतता आणखी ७ अक्षरांएवढी असते. म्हणजे सुमारे ४६ मिलिसेकंद झाले. उपकरणाचा प्रतिसादकाळ २० मिलिसेकंद धरल्यास २० उपकरणांची फेरी सुमारे १.३ सेकंदांत पूर्ण होते. आता त्यांपैकी एक उपकरण बंद पडले, प्रतीक्षाकाळ १ सेकंद असला व एकूण तीन प्रयत्न होत असले, तर तीच फेरी सव्वाचार सेकंदांवर जाते. वेग दुप्पट केला तरी ती सुमारे ३.८ सेकंदच राहते. उलट, वेग तोच ठेवून प्रतीक्षाकाळ २०० मिलिसेकंद व प्रयत्न दोन केल्यास ती सुमारे १.६५ सेकंदांवर येते.

निष्कर्ष :
एका मीटरच्या बिघाडामुळे उर्वरित एकोणीस उपकरणांची माहिती शिळी होते आणि टाकी भरल्याची सूचना नियंत्रकास उशिरा मिळते. म्हणून तारेचा मार्ग, उपकरणांचे क्रमांक, वेग, प्रतीक्षाकाळ व फेरीचा अपेक्षित कालावधी एकाच तक्त्यात नोंदवून मगच काम सुरू करावे. मात्र जीवित वा यंत्राच्या सुरक्षेशी निगडित थांबण्याची आज्ञा या जाळ्यावर अवलंबून ठेवू नये. तिच्यासाठी स्वतंत्र तार असणेच इष्ट होय.