नमुन्याचा नमुना : फ्रॅपेच्या गाभ्याची तोंडओळख

संगणकाचा विषय निघाला की कला शाखेतील आपण बहुतेकजण 'तो आपला प्रांत नव्हे' असे म्हणून मोकळे होतो. पण संगणकावर चालणाऱ्या कारभाराच्या अगदी मुळाशी जाऊन पाहिले, तर तेथे गणितापेक्षा आपल्याच ओळखीचे प्रश्न भेटतात. नोंद कशाला म्हणावे? नाव आणि ओळख एकच की निरनिराळी? झालेला बदल लिहून ठेवावा की पुसून टाकावा? इतिहास, समाजशास्त्र आणि भाषा शिकणाऱ्याने या प्रश्नांकडे पाठ फिरवू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ पाहू. पायथन ही १९९१ साली गुइडो फान रॉसम यांनी जगापुढे ठेवलेली संगणकाची भाषा होय. या भाषेत इंटरनेटवरचे एखादे काम उभे करावयाचे, तर त्याच त्या गोष्टी पुनःपुन्हा कराव्या लागतात. आलेला माणूस कोण ते ओळखणे, त्याने भरलेला अर्ज घेणे, तो नीट जागी ठेवणे, मागितल्यास काढून देणे आणि अधिकार नसल्यास नकार देणे, ही ती कामे. ती आधीच करून ठेवलेली तयार चौकट म्हणजे वेब फ्रेमवर्क. जँगो आणि फ्लास्क ही या प्रकारातील जगप्रसिद्ध नावे आहेत. 'फ्रॅपे' ही चौकट मात्र आपल्या महाराष्ट्रातली, मुंबईची आहे. ऋषभ मेहता यांनी २००५ च्या सुमारास तिची सुरुवात केली आणि पुढे तिच्यावरच 'ईआरपीनेक्स्ट' ही व्यापार-उद्योगाचा हिशेब ठेवणारी प्रणाली उभी राहिली. फ्रॅपेची आज्ञावली कोणालाही विनामूल्य वाचता येते, बदलता येते आणि वापरता येते.

या आज्ञावलीचे अनेक विभाग आहेत. पत्रव्यवहाराचा निराळा, छपाईचा निराळा, संकेतस्थळाचा निराळा. त्या सर्वांच्या तळाशी 'कोअर' नावाचा विभाग आहे. कोअर म्हणजे गाभा. हा गाभा काय करतो, ते समजून घेण्यासाठी तलाठ्याच्या दप्तरासारखा दुसरा दृष्टान्त नाही.

गावनमुना आणि डॉकटाइप

सातारा काय किंवा सांगली काय, जमिनीशी संबंध असलेल्या घरात 'सातबारा' हा शब्द ठाऊक नाही असे होत नाही. सातबारा म्हणजे गावनमुना ७ आणि गावनमुना १२ यांचा जोड. सातमध्ये जमीन कोणाची ते, बारामध्ये पीक कोणते ते. फेरफाराची नोंदवही हा नमुना ६. खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा म्हणजे ८-अ. प्रत्येक नमुन्यात कोणते रकाने असावेत, कोणत्या रकान्यात आकडा लिहावा आणि कोणत्यात नाव, हे आधीच ठरलेले असते. गावोगाव माणसे बदलतात, पिके बदलतात, नमुना तोच राहतो.

फ्रॅपेत अशा कोऱ्या नमुन्याला 'डॉकटाइप' म्हणतात आणि भरलेल्या नमुन्याला 'डॉक्युमेंट'. 'विद्यार्थी' असा डॉकटाइप केला, त्यात नाव, जन्मतारीख, वर्ग असे रकाने सांगितले, की साठवणीचे कोष्टक आणि भरावयाचा अर्ज दोन्ही तयार होतात. शिवाय नोंद कोणी केली, केव्हा केली, शेवटचा हात कोणी लावला, हे रकाने न मागता प्रत्येक नमुन्याला मिळतात.

येथवर नवल काही नाही. नवल पुढे आहे. जँगोसारख्या चौकटीत नमुन्याचे वर्णन आज्ञावलीच्या मजकुरात लिहिलेले असते. फ्रॅपेत नमुन्याचे वर्णन हीच एक नोंद असते. म्हणजे 'डॉकटाइप' नावाचा एक नमुना आहे आणि बाकीचे सर्व नमुने त्यात भरलेल्या नोंदी आहेत. गंमत अशी की, त्या नमुन्याची स्वतःची नोंदही त्याच वहीत आहे! मग आधी काय, कोंबडी की अंडे? याचे उत्तर सरळ आहे. नवी प्रणाली बसविताना अगदी पायाभूत अशी थोडी कोष्टके हाताने लिहिलेल्या आज्ञांनी उभी करतात. ती उभी राहिली की पुढचे नमुने गाभा स्वतःच वाचून घेतो. गाभ्याला गाभा म्हणावयाचे ते यामुळे. तो नसेल तर बाकीचे दप्तर कोणालाच वाचता येणार नाही.

दक्षिण साताऱ्याची सांगली

या 'नमुन्याच्या नमुन्या'चा व्यवहारात उपयोग काय, असे कोणी विचारील. त्यासाठी आपल्याच दोन जिल्ह्यांचे उदाहरण घेऊ. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातील तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे भाग आणि सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानांचा मुलूख मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. १९६० साली त्याचेच नाव 'सांगली' ठेवण्यात आले. कागदाच्या दप्तरात अशा वेळी प्रत्येक वही निराळी उघडावी लागते.

फ्रॅपेत एका नमुन्यातून दुसऱ्याकडे बोट दाखविण्यासाठी 'लिंक' जातीचा रकाना असतो. गावाच्या नोंदीत जिल्ह्याचे नाव मोकळे न लिहिता जिल्ह्याच्या नोंदीकडे बोट दाखवायचे. जिल्ह्याचे नाव बदलले की गाभा आपल्या वहीत पाहतो : कोणकोणत्या नमुन्यांत 'जिल्हा' या नमुन्याकडे बोट दाखविणारा रकाना आहे? रकान्यांचे वर्णन हीसुद्धा नोंदच असल्यामुळे हा प्रश्न त्याला विचारता येतो. मग त्या सर्व ठिकाणी तो नवे नाव घालतो आणि जिल्ह्याच्या नोंदीखाली 'अमुक नाव बदलून तमुक केले' असा शेरा ठेवतो. साध्या मजकुराच्या रकान्याला मात्र तो हात लावीत नाही. १९५५ च्या दस्ताची नक्कल मजकूर म्हणून ठेवली असेल, तर तीत 'दक्षिण सातारा' असेच राहील. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तेच हवे आहे. तेव्हा कोठे बोट दाखवायचे आणि कोठे मजकूर जसाच्या तसा ठेवायचा, हे नमुना आखणाऱ्याने विचारपूर्वक ठरविले पाहिजे.

नाव आणि ओळख

जिल्ह्याच्या नावाने कोणाचे काळीज दुखत नाही. माणसाच्या नावाचे तसे नाही. मुलगाच हवा या हट्टापायी नको असताना झालेल्या मुलीचे नाव 'नकुशी' ठेवण्याची चाल आपल्या भागात होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा येथे एका समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. ही गोष्ट जगभर छापून आली. पण समारंभ एका दिवसात संपतो. जन्माची नोंद, शाळेचे जनरल रजिस्टर, दाखला, शिधापत्रिका या प्रत्येक ठिकाणी जुने नाव लिहिलेले असते आणि एका ठिकाणी जरी ते राहिले, तरी नोकरीच्या अर्जाच्या वेळी ते पुन्हा समोर येऊन उभे राहते.

येथे गाभ्याची शिकवण उपयोगी पडते. फ्रॅपेत प्रत्येक नोंदीला एक ओळख असते आणि बाकीच्या नोंदी त्या ओळखीकडे बोट दाखवितात. ही ओळख माणसाच्या नावावरून न ठेवता क्रमांकाने ठेवली आणि नाव हा केवळ एक रकाना केला, तर नाव एकाच जागी बदलले की पुरते. पण सोयीसाठी कोणी ते नाव दुसऱ्या नमुन्यात नकलून घेतले असेल, तर ती नक्कल जुनीच राहण्याचा धोका आहे. छापून हाती दिलेला कागद तर यंत्राच्या आवाक्याबाहेरच.

याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. गाभ्यात 'व्हर्जन' नावाचा एक नमुना आहे. डॉकटाइपवर 'बदलांचा माग ठेवा' या चौकटीत खूण केली, की रकान्यातील जुना आणि नवा मजकूर, बदलणारा आणि वेळ यांची नोंद तेथे होते. ही खूण असली, तर मुलीची नोंद उघडणाऱ्याला खालच्या इतिहासात 'नकुशी' हा शब्द दिसत राहील. नसली, तर कोणी कोणाचे नाव कधी बदलले याचा पुरावाच राहणार नाही आणि लबाडीला रान मोकळे होईल. यंत्र या दोहोंतून एकाची निवड करीत नाही. ते फक्त एक रिकामी चौकट पुढे करते.

अधिकार आणि कायमची नोंद

गाभ्यातील आणखी दोन व्यवस्था थोडक्यात सांगतो. पहिली अधिकारांची. 'युजर' म्हणजे माणूस आणि 'रोल' म्हणजे त्याची भूमिका. कोणत्या भूमिकेने कोणता नमुना वाचावा, लिहावा किंवा खोडावा, हे नमुन्यातच सांगितलेले असते. नमुन्यातील काही रकाने वरच्या पायरीवर ठेवून ते मोजक्यांनाच दाखविता येतात.

दुसरी व्यवस्था कायम झालेल्या नोंदीची. तलाठी फेरफार लिहितो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. प्रमाणित झाल्यावर खाडाखोड चालत नाही. फ्रॅपेतही काही नमुन्यांच्या नोंदीला ० कच्ची, १ कायम आणि २ रद्द अशा तीन अवस्था असतात. कायम नोंदीत चूक निघाली, तर ती रद्द करून दुरुस्त प्रत नव्याने करावी लागते आणि ही कोणत्या नोंदीची दुरुस्ती आहे, हे नव्या प्रतीवर राहते. चूक झाकली जात नाही, ती दुरुस्तीसह दिसते.

तात्पर्य, गाभा म्हणजे काही गूढ यंत्रविद्या नव्हे. कोणती गोष्ट एकदाच लिहावी, कोणी ती पाहावी, बदलाचा माग कोठवर ठेवावा, या निर्णयांना त्याने ठरलेली जागा करून दिली आहे. ते निर्णय घेण्यासाठी समाज, भाषा आणि इतिहास जाणणारी माणसे लागतात. उद्या आपल्यापैकी कोणी ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा सहकारी संस्थेत कामाला लागेल आणि संगणकाचा नवा नमुना आखण्यासाठी त्याचे मत विचारले जाईल. त्या वेळी 'ते संगणकवाल्यांना विचारा' असे न म्हणता प्रत्येक रकान्यापाशी थांबून, तो कोणाच्या सोयीचा आणि कोणाला बोचणारा आहे, एवढे त्याने अवश्य विचारावे.