भुकेची मागणी

भूक हा शब्द आपण दिवसातून निदान दोनदा तरी उच्चारतो आणि त्याचा अर्थ आपल्याला पुरता ठाऊक आहे असे समजून चालतो. व्युत्पत्ती पाहू गेल्यास ‘बुभुक्षा’ या संस्कृत शब्दाचे हे झिजलेले रूप आहे. बुभुक्षा म्हणजे खाण्याची, भोगण्याची इच्छा. आपल्या शास्त्रकारांनी तिच्यासमोर ‘मुमुक्षा’ उभी केली. एक संसारात गुंतविणारी, दुसरी त्यातून सुटू पाहणारी. व्याकरणाच्या दृष्टीने मात्र या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. दोन्ही रूपे इच्छार्थक आहेत, दोहींतही कोणीतरी काहीतरी मागत आहे. भुकेच्या अर्थाचा विचार करताना मी हाच धागा धरणार आहे. भूक ही एक मागणी आहे. शरीर मागते, मन मागते, आणि माणूस बाजारात व सरकारदरबारीही मागतो. ही मागणी ऐकू केव्हा येते आणि मुकी केव्हा होते, हा माझ्या मते या विषयाचा गाभा आहे.

प्रथम शरीराकडे वळू. पोटात कावळे ओरडतात असे आपण म्हणतो. 1912 साली वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने या कावळ्यांचा शोध घेतला. त्याच्या सहकाऱ्याने एक फुगा गिळला, तो जठरात फुगविला, आणि जठराच्या आकुंचनाच्या वेळीच भुकेच्या कळा येतात असे नोंदवून दाखविले. पण ज्यांचे जठर शस्त्रक्रियेने काढून टाकले आहे त्यांनाही भूक लागतेच. तेव्हा हे उत्तर अपुरे होते. पुढे 1994 साली चरबीच्या पेशींतून निघणारे लेप्टिन आणि 1999 साली मुख्यतः जठरातून निघणारे घ्रेलिन ही द्रव्ये सापडली. एक मेंदूला साठा किती उरला आहे ते कळविते, दुसरे जेवणाची वेळ झाल्याची वर्दी देते. म्हणजे भूक ही नुसती रिकामेपणाची जाणीव नसून शरीराने मेंदूकडे धाडलेला निरोप आहे.

निरोपाला उत्तर आले नाही तर शरीर स्वतःची कोठारे उघडते. यकृतात साठविलेली साखर सुमारे एक दिवस पुरते. मग चरबी वितळू लागते आणि तिच्यापासून तयार होणाऱ्या द्रव्यांवर मेंदूदेखील आपला बराचसा निर्वाह करू लागतो. वजनाने शरीराच्या अवघा पन्नासावा हिस्सा असलेला हा मेंदू विश्रांतीच्या वेळी एकूण शक्तीचा जवळजवळ पाचवा हिस्सा खातो, हे लक्षात घेतले म्हणजे या व्यवस्थेचे महत्त्व कळेल. चरबी संपत आली की स्नायूंची पाळी येते. केवळ पाण्यावर माणूस सुमारे दोन महिने तग धरू शकतो. लाहोरच्या तुरुंगात जतीन दास 1929 साली उपोषणाच्या त्रेसष्टाव्या दिवशी गेले.

अपुऱ्या अन्नाने मनाचे काय होते, याचा सर्वांत काळजीपूर्वक केलेला अभ्यास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, युद्धात शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार देणारे 36 तरुण अॅन्सेल कीझ यांच्या प्रयोगासाठी आपण होऊन पुढे आले. 1945 साली त्यांना 24 आठवडे जवळपास निम्म्या आहारावर ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. ऐन उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजे. विनोद संपला, स्त्रीविषयीचे आकर्षण मावळले, पुस्तकांवरून मन उडाले. आणि मन लागले कशात? तर पाककृतींची पुस्तके वाचण्यात! ताटातला तुकडा ते तासन् तास पुरवून खात. हे सर्व सुशिक्षित, ध्येयवादी तरुण होते. पण कित्येक महिने त्यांच्या चित्तात अन्नाखेरीज दुसरे काही फारसे शिरू शकले नाही.

हाच प्रयोग आपल्याकडे पूर्वी झालेला आहे, असे म्हटले तर आपणांस नवल वाटेल. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला सांगतो की पंधरा दिवस अन्न घेऊ नकोस, पाणी मात्र हवे तेवढे पी. सोळाव्या दिवशी बाप त्याला वेद म्हणावयास सांगतो, आणि बारा वर्षे गुरुगृही राहून विद्येचा ताठा घेऊन आलेल्या त्या मुलाला एक ऋचा आठवत नाही. मोठ्या अग्नीतून काजव्याएवढा निखारा उरावा, तशी तुझी गत झाली आहे, असे बाप त्याला समजावितो. मग जेवू घालतो, आणि सारे पुन्हा आठवू लागते. मन अन्नमय आहे हा सिद्धांत उद्दालकाने केवळ शब्दांनी शिकविला नाही, उपाशी ठेवून शिकविला. अध्यात्माचा मोठेपणा सांगताना पोटाला तुच्छ लेखण्याची आपल्याकडे जी सवय पडली आहे, तिला उपनिषदांचा आधार नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

त्याच ग्रंथात उषस्ती चाक्रायणाची कथा आहे. कुरुदेशातले पीक बुडाले आहे आणि हा विद्वान ब्राह्मण हत्ती बाळगणाऱ्या एका माणसाकडे त्याच्या पुढ्यातले उष्टे, हलके उडीद मागून खातो. तो माणूस पाणीही देऊ करतो, तेव्हा उषस्ती ते उष्टे म्हणून नाकारतो. मग उडीद उष्टे नव्हते काय? उषस्ती म्हणतो, ते न खाते तर मी जगलो नसतो. पाणी मला हवे तेथे मिळेल. दुसऱ्या दिवशी हाच मनुष्य राजाच्या यज्ञात जाऊन ऋत्विजांना त्यांच्या गायनामागच्या देवता समजावून देतो, आणि त्यांपैकी एक देवता अन्न हीच असल्याचे सांगतो. हा बोध त्याला आदल्या दिवशीच्या उडदांनी झाला असेल काय, हा प्रश्न उपनिषद विचारीत नाही. मला मात्र तो दर वेळी पडतो.

धम्मपदाच्या अट्ठकथेत अशीच एक गोष्ट आहे. आळवी नगरात भगवान बुद्धांचे प्रवचन ऐकावयाचे म्हणून एक गरीब माणूस निघाला होता. त्याचा हरवलेला बैल शोधण्यात वेळ गेला आणि तो उपाशीच सभेत पोचला. बुद्धांनी आधी त्याला जेवू घालण्यास सांगितले आणि तो तृप्त झाल्यावरच उपदेशास आरंभ केला. भिक्षूंमध्ये कुजबुज झाली. तेव्हा भुकेसारखा रोग नाही, भुकेल्याच्या कानात धर्म शिरत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण आपण चेष्टेने वापरतो. बुद्धांनी ती गंभीरपणे आचरून दाखविली.

मग आध्यात्मिक भूक म्हणून जे म्हणतात ते केवळ भरल्या पोटीचे चोचले आहेत काय? तसे नाही. तुकोबांचे उदाहरण घ्या. 1630 च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यात त्यांचा व्यापार बुडाला, पत्नी अन्न अन्न करीत गेली. या आघातानंतर ते विठ्ठलाकडे वळले हे आपण नेहमी सांगतो. पण त्याच ओघात घडलेली दुसरी गोष्ट तितक्या आवर्जून सांगत नाही. परंपरा अशी की घरात लोकांची जी कर्जखते होती, त्यांतील आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडविली. देवाची भूक लागलेल्या माणसाने पहिले काम काय केले, तर दुष्काळाने नागवलेल्या ऋणकोंवरची आपली मागणी सोडून दिली. आत्म्याची भूक खरी की खोटी हे ओळखण्यास याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही.

येथे उपवासाचा विचार करावा लागतो. मराठीने उपवास आणि उपासमार असे दोन शब्द वेगळे ठेवले, हे भाषेचे शहाणपण आहे. यकृताला आणि स्नायूंना दोहोंतला भेद कळत नाही. भेद आहे तो शेवट कोणाच्या हाती आहे यात. उपवास करणाऱ्याला पारणे केव्हा ते ठाऊक असते; मिनेसोटाच्या तरुणांनाही आपली सुटका केव्हा होणार हे ठाऊक होते. उपासमार झालेल्याला उद्याचा दिवसही ठाऊक नसतो. (आपल्या नित्याच्या उपवासांविषयी फार बोलू नये हेच बरे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असे लोकच म्हणतात. मौज अशी की साबुदाण्याचा कंद, बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि मिरची हे उपवासाचे सारे पदार्थ मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसापूर्वी आपले पूर्वज एकादशीला खात तरी काय असतील!) परंतु उपवास हा दुसऱ्याच्या मागणीचा आवाजही होऊ शकतो. 1 मे 1947 रोजी साने गुरुजी पंढरपुरात उपोषणास बसले ते स्वतःसाठी नव्हे. विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्यांना बंद होते, ते उघडावे म्हणून त्यांनी आपली भूक पणाला लावली आणि दार उघडले. ज्यांचे मागणे शतकानुशतके कोणी ऐकले नव्हते, ते एका माणसाच्या रिकाम्या पोटातून ऐकू गेले.

आता समाजाकडे येऊ. ज्या पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्याच पुण्याच्या भोवतालच्या मुलखात पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला. 1876 ते 1878 च्या त्या दुष्काळात दक्षिण हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असे मानले जाते. आगगाडी होती, बंदरे होती, आणि बंदरांतून धान्य परदेशी जातच होते. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरे, असा हिशेब रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने मांडला. सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठविला. महात्मा फुले व सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालविले. 1880 च्या दुष्काळ आयोगाने आपल्या अहवालात एक मार्मिक गोष्ट मान्य केली. ती ही की दुष्काळात धान्य अजिबात नसते असे नाही. शेतीचे काम बंद पडल्याने मजुराची मिळकत बुडते आणि महागलेले धान्य घेण्यास त्याच्यापाशी पैसा उरत नाही.

शंभर वर्षांनी, 1981 साली, अमर्त्य सेन यांनी 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून हाच मुद्दा शास्त्रीय पायावर उभा केला. त्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेली. सेन यांच्या हिशेबाप्रमाणे त्या साली बंगालमधील धान्य 1941 पेक्षा कमी नव्हते. युद्धकाळातील महागाईत तांदळाचा भाव कितीतरी पटींनी चढला आणि शेतमजूर, कोळी, कारागीर यांची मिळकत जेथल्या तेथे राहिली. येथे ‘मागणी’ या शब्दाचे एक क्रूर रूप दिसते. अर्थशास्त्रात मागणी म्हणजे पैशासह आलेली इच्छा. भुकेल्या मजुराच्या पोटात मागणी होती, बाजाराच्या लेखी ती शून्य होती.

ही शून्य मागणी पुन्हा आकड्यात आणण्याचे एक मोठे काम महाराष्ट्रात झाले, त्याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. 1972 च्या दुष्काळात ज्वारीचे पीक बुडाले. लोकांनी परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली, मुलांनी सुकडी खाल्ली, आणि 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख स्त्रीपुरुष दुष्काळी कामांवर होते. खडी फोडणे, नालाबांध, रस्ते, तलाव अशी ती कामे होती. हाल झाले, कुपोषण वाढले, पण 1876 सारखी प्रेते रस्त्यावर पडली नाहीत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला पुढे 1977 साली कायद्याचे रूप मिळाले. ‘मागेल त्याला काम’ हे तिचे ब्रीद. खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. मागणाऱ्याला याचक न मानता हक्कदार मानण्याची ही कल्पना 2005 साली केंद्राच्या कायद्यात उतरली.

तथापि दुष्काळ टळला म्हणून भूक टळली असे होत नाही. दुष्काळ डोळ्यांना दिसतो, रोजची अर्धपोटी स्थिती दिसत नाही. 1971 साली पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याची रेषा माणशी 2250 कॅलरींच्या आधारे आखली, ती ही अदृश्य भूक मोजता यावी म्हणून. त्यानंतर देशाची कोठारे भरली, 2013 साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. तरीही 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील शंभरांपैकी पस्तिसांहून अधिक बालके वयाच्या मानाने खुरटलेली आढळली.

या बालकांविषयी डॉक्टरांचा एक अनुभव येथे सांगितला पाहिजे. मूल तीव्र कुपोषित झाले, त्यात त्याला संसर्ग झाला, की त्याची भूक मरते. ते रडून मागत नाही. घास पुढे केला तरी तोंड फिरविते. म्हणून अशा मुलाला दाखल करावयाचे की घरी ठेवून उपचार करावयाचे हे ठरविण्यापूर्वी त्याच्या भुकेची परीक्षा घेतात. ठरलेला पौष्टिक आहार त्याला देऊन पाहतात. मागून खाल्ले तर धोका कमी. खाल्ले नाही तर दवाखान्यात ठेवावे लागते, आणि तेथेही आरंभी अन्न थोडे थोडेच द्यावे लागते, कारण उपासमारीनंतर एकदम पोटभर खाणे प्राणावर बेतू शकते. लंघनानंतर आधी पेज, मग हळूहळू घट्ट अन्न, हा आयुर्वेदाचा क्रमही हेच जाणून आहे.

आणि मूल नसलेल्यांचे काय? त्याच पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकी 57 जणींच्या अंगात रक्त कमी होते. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण शेकडा 25 होते. धान्याचा हिशेब माणशी होतो, पण तो घराच्या उंबऱ्यापर्यंत. आत वाढपी तीच, आणि शेवटची पंगतही तिचीच. भाकरी कमी पडली तर ती मागत नाही; कोणी विचारलेच तर आज मला भूक नाही असे सांगून भांडी आवरू लागते.