'स्ट्रीट फायटर' खेळांचे संकलन : एक पाठविचार

जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती हाती घेणारा अभ्यासक प्रथम हे पाहतो की, संपादकाने कोणत्या प्रती वापरल्या आणि पाठ कसा निश्चित केला. व्हिडिओ खेळांच्या बाबतीतही हाच प्रश्न आता विचारणे अगत्याचे झाले आहे. जपानमधील कॅपकॉम कंपनीने मे २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले 'स्ट्रीट फायटर : थर्टिएथ ॲनिव्हर्सरी कलेक्शन' हे संकलन त्या दृष्टीने विचारार्ह आहे. १९८७ ते १९९९ या काळात निघालेले द्वंद्वयुद्धाचे १२ खेळ त्यात एकत्र केलेले असून ते प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन, निन्टेन्डो स्विच व संगणक यांवर खेळता येतात. ही आवृत्ती सिद्ध करण्याचे काम अमेरिकेतील डिजिटल एक्लिप्स या संस्थेने केले.

हे खेळ मुळात आर्केडमधील, म्हणजे नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांवरील होत. नकला रोखण्यासाठी कॅपकॉमने १९९३ मध्ये या यंत्रांकरिता सीपीएस-२ हा नवा बोर्ड आणला. त्यावरील आज्ञावली कूटलिपीत असे व ती उलगडणारी किल्ली बॅटरीच्या आधाराने टिकणाऱ्या स्मृतीत ठेवलेली असे. बॅटरी संपली की किल्ली नाहीशी होई आणि बोर्ड निर्जीव होई. पुढे सीपीएस-३ मध्ये किल्ली वेगळ्या कार्ट्रिजमध्ये गेली, परंतु तत्त्व तेच राहिले. संकलनातील १२ पैकी ८ खेळ या दोन बोर्डांवरील आहेत. हस्तलिखित काळाच्या ओघात जीर्ण होते. येथे मात्र विनाशाचे बीज रचनेतच होते. हौशी अभ्यासकांनी २००१ ते २००७ या काळात कूटपद्धती उकलल्यामुळे मृत बोर्ड पुन्हा चालते करता येऊ लागले.

जुना खेळ नव्या यंत्रावर आणण्याचे मार्ग दोन. पहिला पुनर्लेखनाचा. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २'चे सुपर निन्टेन्डोवरील १९९२ चे रूप या प्रकारचे होय. १६ मेगाबिटांच्या कार्ट्रिजमध्ये खेळ बसविताना मूळ चित्रे व ध्वनी यांत काटछाट करावी लागली. दुसरा मार्ग एम्युलेशनचा. यात नवे यंत्र जुन्या बोर्डाचे वर्तन हुबेहूब करून दाखविते आणि मूळ आज्ञावली जशीच्या तशी चालविली जाते. प्रस्तुत संकलनाने हा दुसरा मार्ग पत्करला आहे.

या निवडीचे महत्त्व एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. 'स्ट्रीट फायटर २'मधील गाडी फोडण्याच्या उपखेळाची तपासणी चालू असता निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या ध्यानात आले की, अचूक क्षणी कळ दाबल्यास एका प्रहाराला लागूनच दुसरा प्रहार करता येतो. ही गोष्ट योजलेली नव्हती. तथापि ती तशीच राहू दिली गेली. तिच्यातूनच 'काँबो' जन्मास आला, आणि १९९३ च्या 'सुपर स्ट्रीट फायटर २'मध्ये असे सलग प्रहार पडद्यावर मोजून दाखविले जाऊ लागले. पुनर्लेखन करणारा असा दोष सहज 'सुधारून' टाकील; एम्युलेशन तो राखते. लेखनिकाचा प्रमाद समजून काढून टाकलेला शब्दच मूळ पाठ ठरावा, तसा हा प्रकार आहे.

पाठभेदही येथे आहेत. अनधिकृत फेरफार केलेल्या बोर्डांवरील वेगवान खेळ लोकप्रिय झाला, आणि १९९२ अखेरच्या 'हायपर फायटिंग'मध्ये कंपनीने स्वतःच वेग वाढविला तो अंशतः त्यामुळेच. प्रक्षेपाने मूळ संहितेलाच वळण दिल्याचा हा नमुना होय. शिवाय जपानी पाठातील मुष्टियोद्धा 'एम. बायसन' हे नाव माइक टायसन यांच्या नावाशी जुळत असल्यामुळे जपानबाहेर तीन पात्रांच्या नावांची अदलाबदल करण्यात आली. अमेरिकी संकलनाने इंग्रजी पाठ घेतला. काही खेळांचे जपानी पाठ त्याच वर्षी जपानमध्ये निघालेल्या निराळ्या आवृत्तीत आले. म्हणजे कोणतेही एक संकलन सर्व प्रतींना पर्याय ठरत नाही.

सीपीएस बोर्डांचे चित्र ३८४ × २२४ बिंदूंचे असून ते ४ : ३ प्रमाणाच्या काचनळीच्या पडद्यासाठी रेखाटलेले असे. आजच्या सपाट पडद्यावर त्या पडद्याचा केवळ आभास निर्माण करता येतो. खेळ हवा तेथे थांबवून जपून ठेवण्याची सोय संकलनात आहे. हरल्यावर पुन्हा नाणे टाकावे लागण्याची टोचणी मात्र नाही. शेजारी उभा राहून आपल्या पाळीची वाट पाहणारा प्रतिस्पर्धीही नाही. नाटकाची संहिता छापली म्हणून प्रयोग हाती येत नाही, तसेच हे आहे. तेव्हा अभ्यासकाने या संकलनाकडे काळजीपूर्वक राखलेला पाठ म्हणून पाहावे. जुने बोर्ड, त्यांचे पडदे आणि ते खेळलेल्यांच्या आठवणी यांची नोंद करण्याचे काम त्यामुळे संपत नाही.