शेडनेटमधली ढोबळी फुलं टाकतेय? उन्हाळ्यात आतली गरमी अशी करा कमी

छत्रपती संभाजीनगर : एप्रिल-मे महिन्यात जिल्ह्यात पारा चाळिशीच्या पुढं जाणं नवीन नाही. शेडनेट आहे म्हणजे पीक सावलीत आहे, मग उन्हाची काय चिंता, असा अनेकांचा समज असतो. पण चारही बाजू बंद असल्या की दुपारी हवा कोंडते आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षाही चढतं. पॉलिहाऊसमध्ये तर हा फरक आणखी मोठा असतो.

2018 पासून 'पोकरा' योजनेच्या अनुदानातून मराठवाड्यात गावोगावी शेडनेट उभी राहिली. शेजारच्या जालना आणि देऊळगाव राजा पट्ट्यात त्यात मिरची, टोमॅटो, काकडीचं बीजोत्पादन चालतं. अनुदान मिळालं तरी स्वतःचा पैसा किंवा बँकेचं कर्ज त्यात अडकलेलं असतंच. ऐन उन्हाळ्यात फुलगळ झाली तर सगळा हिशोब कोलमडतो.

झाडाचं नेमकं काय होतं?

पानांच्या बारीक छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते, त्यातून झाड स्वतःला थंड ठेवतं. हवा फार गरम आणि कोरडी झाली की मुळांकडून तेवढं पाणी वर येत नाही. मग झाड छिद्रं मिटून घेतं, पान तापतं आणि वाढ थांबते. ढोबळी मिरचीला दिवसा 21 ते 28 अंश तापमान मानवतं. 35 अंशांच्या पुढं परागकण कमजोर होतात, फुलं गळतात. बीजोत्पादनात फळ धरलं तरी आत बी कमी भरतं.

फळाच्या टोकाला काळपट डाग पडणं हेही याच ताणाचं लक्षण असू शकतं. कॅल्शियम पाण्यासोबतच फळापर्यंत पोहोचतं. त्यामुळं जमिनीत ते असूनही फळाला कमी पडतं.

सुकलं म्हणून लगेच पाणी सोडू नका

दुपारी माना टाकलेली झाडं संध्याकाळी ताजीतवानी झाली, तर तो उन्हाचा ताण समजावा. सकाळीही झाडं सुकलेलीच दिसली, तर पाणी कमी पडतंय किंवा मर, मूळकूज लागली असावी. आधी माती हातात घेऊन ओल बघा. ओल असताना वरून आणखी पाणी दिलं तर मुळं गुदमरतात आणि कूज वाढते.

काय करावं?

हवा खेळती ठेवा. बाजूच्या जाळ्यांवर धूळ साचली की वारा आत येत नाही. जाळ्या पाण्याने धुऊन घ्या. पॉलिहाऊसचे बाजूचे पडदे सकाळीच वर करा, आतून कीडरोधक जाळी मात्र राहू द्या.

सावली बेताची ठेवा. साधारण 50 टक्के सावलीची नेट पुरते. त्याहून दाट नेट टाकली तर उजेड कमी पडून झाडं लांबट आणि नाजूक होतात.

फॉगर थोडा थोडा वेळ चालवा. सकाळी 11 ते दुपारी 4 या वेळेत दर 10-15 मिनिटांनी अर्धा ते एक मिनिट पुरे. आपल्याकडं उन्हाळ्यात हवा कोरडी असल्यानं पाण्याची वाफ पटकन होते आणि गारवा येतो. जूनमधल्या दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही, उलट पानं ओली राहून बुरशी येते. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर नोझल बुजतात, म्हणून फिल्टर वेळच्या वेळी साफ करा.

ठिबक विभागून द्या. एकदाच भरपूर सोडण्यापेक्षा पहाटे मुख्य पाणी आणि दिवसात एक-दोन छोट्या पाळ्या द्या. उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी चांगलंच तापतं, म्हणून नळ्या मल्चिंगखाली घ्या. मल्चिंगची चंदेरी बाजू वर ठेवा. काळी बाजू वर राहिली तर उष्णता वाढते.

विजेचा भरवसा धरू नका. शेतीची वीज पाळीनं येते, कधी रात्रीच येते. त्यामुळं दुपारच्या फॉगरसाठी पाण्याचा साठा आणि सौर पंपासारखी पर्यायी सोय आधीच करा. पाण्याची टाकी सावलीत ठेवा.

फवारणी दुपारी नको. गरम, कोरड्या हवेत लाल कोळी वाढते. पण त्यावर कडक उन्हात गंधक फवारलं तर पानं करपतात. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा.

याशिवाय झाडाच्या उंचीवर, थेट ऊन लागणार नाही असा एक थर्मामीटर टांगा. आत किती तापतंय हे आकड्यात कळलं की फॉगर कधी सुरू करायचा, हे ठरवता येतं.

माणसांनाही जपा

परागीकरणाचं, तोडणीचं काम बहुतेक ठिकाणी बायाच करतात. दुपारी 12 ते 4 शेडमध्ये काम ठेवू नका. पाणी आणि ओआरएस जवळ ठेवा. कुणाला चक्कर आली, अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं तर लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि 108 वर फोन करा.

पुढच्या हंगामासाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे लागवडीची तारीख. फुलोरा ऐन एप्रिल-मेमध्ये येणार नाही, असा हिशोब करूनच रोपं लावा. वाण निवडताना कृषी विज्ञान केंद्राचा किंवा तालुका कृषी कार्यालयाचा सल्ला घ्या.