वासरांची हगवण आणि गोठ्यातील माशी

भिलाई-दुर्ग परिसरात पावसाळा सुरू होताच गोठ्यांत माश्या वाढतात. त्यांचा संबंध नवजात वासरांच्या व रेडकांच्या हगवणीशीही आहे.

जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांतील पातळ, पिवळसर-पांढऱ्या हगवणीमागे पुष्कळदा ई. कोलाय हा जीवाणू असतो. साधारण दहा दिवसांनंतर साल्मोनेलाचा धोका वाढतो. हे जीवाणू शेणातून बाहेर पडतात आणि मळलेली कास, भांडी व ओला पेंढा यांमार्फत वासराच्या पोटात जातात. घरमाशी हा त्यांचा आणखी एक वाहक. पायांवरील केसांना चिकटलेले जीवाणू ती दुधाच्या बादलीवर नेते. ओकलेल्या थेंबांतून व विष्ठेतूनही सोडते.

उष्ण हवामानात अंड्यापासून प्रौढ माशी सात ते दहा दिवसांत तयार होते. फवारणीने उडत्या माश्या मरतात, शेणातील अळ्या मात्र वाचतात. म्हणून शेण रोज उचलावे. गव्हाणीखालची ओली वैरण आणि मूत्रनालीच्या कडा आठवड्यातून दोनदा साफ कराव्यात. उकिरडा, म्हणजे छत्तीसगडीतील ‘घुरवा’, गोठ्यापासून दूर व झाकलेला असावा. २० जुलै २०२० रोजी सुरू झालेल्या गोधन न्याय योजनेत शेणाला किलोमागे २ रुपये दर मिळाला; वेळेवर उचललेल्या शेणाचे आरोग्यमूल्य त्याहून अधिक आहे.

स्वच्छतेइतकेच चिकाला महत्त्व आहे. गाई-म्हशींत रोगप्रतिकारक प्रतिपिंडे वारेतून गर्भाला मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात. वासराचे आतडे ती सुमारे २४ तासच शोषू शकते आणि ही क्षमता तासागणिक घटते. त्यामुळे वार पडेपर्यंत चीक न पाजण्याची प्रथा घातक ठरते. ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवसात ३ लिटर चीक द्यावा. त्यातील निम्मा पहिल्या दोन तासांत.

हगवण लागल्यास दूध बंद करू नये. दोन पाजण्यांच्या मध्ये क्षार-संजीवनीचे पाणी द्यावे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर दोन सेकंदांत पूर्ववत झाली नाही, डोळे खोल गेले किंवा वासरू चोखेनासे झाले, तर तत्काळ पशुवैद्यकास बोलवावे. प्रतिजैविके स्वतःहून देऊ नयेत. विषाणूजन्य हगवणीवर ती निरुपयोगी असतात. एकाच गोठ्यात अनेक वासरे आजारी पडल्यास विस्तार कार्यकर्त्यांनी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने शेणाचे नमुने तपासून घ्यावेत. या परिसरासाठी दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.