कॉफीची घरगुती भाजणी आणि बागेची पारख

भारतात कॉफी पिकवणारा आणि कॉफीची चव ओळखणारा या बहुधा दोन वेगळ्या व्यक्ती असतात. कोडगू, चिक्कमगळूरु, वायनाड किंवा अरकू येथील लहान बागायतदार हंगामात फळे तोडतो, खळ्यावर वाळवतो, पोत्यांत भरतो आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर ठेवतो. त्या फळातील बी भाजल्यावर कसे लागते, हे त्याने पुष्कळदा चाखलेलेच नसते. त्याच्या घरात येते ती गावच्या दुकानातील चिकोरी मिसळलेली पूड. ऊस पिकवणाऱ्याला गुळाची चव ठाऊक असते, आंबा पिकवणाऱ्याला आंब्याची. कॉफीच्या बाबतीत मात्र शेत आणि पेला यांच्यामधील वाट फार लांबची झाली आहे.

याला इतिहासही कारणीभूत आहे. 1942 च्या कॉफी कायद्यानंतर अनेक दशके बागायतदाराने आपले पीक कॉफी मंडळाच्या सामायिक साठ्यात जमा करणे बंधनकारक होते. तेथे एका बागेचे बी शेकडो बागांच्या बियांत मिसळले जाई. प्रतवारी आकार, दोष आणि जात यांवर होत असे. अमुक बागेच्या चवीला स्वतंत्र नाव उरत नसे. 1990 च्या दशकात ही बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि 1996 मध्ये बाजार पूर्ण खुला झाला. विक्रीचे स्वातंत्र्य आले, परंतु आपल्या मालाची पारख करण्याची सवय त्याबरोबर आपोआप आली नाही. घरच्या कढईत मूठभर बी भाजून पाहणे हा ती सवय लावण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, आणि कीड व्यवस्थापनाच्या दृष्टीनेही त्याचे महत्त्व कमी नाही.

भाव कशावर ठरतो

कोडगूतील रोबस्टा उत्पादक आपला माल प्रामुख्याने सालासकट वाळवलेल्या फळांच्या रूपात, म्हणजे ‘चेरी’ म्हणून विकतो. त्याचा भाव ‘आउटटर्न’वर ठरतो: 50 किलोच्या पोत्यातून साल काढल्यावर जितके किलो स्वच्छ बी मिळते, तितका आउटटर्न. 26 किलो बी निघाले तर आउटटर्न 26. व्यापारी नमुन्याची मूठ घेऊन साल काढतो, वजन करतो, ओलावा पाहतो, भोके पडलेल्या बिया निवडतो आणि कपात सांगतो. दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या शेतकऱ्याजवळ त्या आकड्याशी ताडून पाहण्यासारखे काहीच नसते. तीच मूठ आदल्या आठवड्यात त्याने घरी उखळात हलक्या हाताने कांडून, सुपाने पाखडून, तोलून पाहिली असती, तर बोलणी निराळी झाली असती. भाजणीचा विषय येण्याआधीच निम्मे काम या मुठीत उरकते.

पांढऱ्या कागदावर किंवा काळ्या ताटात 100 ग्रॅम स्वच्छ बी पसरावे आणि दिवसाच्या उजेडात एकेक बी पालथे करून पाहावे. काळी पडलेली, तुटलेली, शिंपल्यासारखी पोकळ, आणि टाचणीने टोचल्यासारखे भोक असलेली बी वेगवेगळी काढावीत. या शेवटच्या ढिगाकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

बियांतील सूक्ष्म बोगदे

टाचणीएवढे ते भोक कॉफी फळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे, अर्थात हायपोथेनेमस हॅम्पेईचे असते. भारतात ही कीड प्रथम 1990 मध्ये निलगिरी जिल्ह्यातील गुडलूर परिसरात आढळली आणि पुढे कॉफीच्या प्रमुख पट्ट्यांत पसरली. मादी जेमतेम दीड मिलिमीटर लांब, काळी. ती फळाच्या बेंबीच्या बाजूने आत शिरते, बी पुरेसे कठीण झाले असेल तर त्यात बोगदा कोरते आणि तेथेच अंडी घालते. अळ्या बी खातात, तेथेच कोष करतात, आणि नव्या पिढीतील नर-मादींचे मीलनही त्याच फळात होते. नराला उडता येत नाही. तो जन्मलेल्या फळातच मरतो. बाहेर पडते ती फळलेली मादी, पुढील फळाच्या शोधात.

कॅफिन हे वनस्पतीने कीटकांविरुद्ध तयार केलेले विष आहे. बहुतेक कीटकांना ते सोसत नाही. मग हा भुंगेरा सारे आयुष्य कॅफिनच्या कोठारात कसे काढतो? 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून त्याचे उत्तर मिळाले. त्याच्या आतड्यातील जिवाणू, विशेषतः स्यूडोमोनास कुळातील, कॅफिनचे विघटन करतात. प्रतिजैविक देऊन हे जिवाणू नाहीसे केले असता विघटन थांबले आणि भुंगेऱ्यांची पैदासही खालावली. जो पदार्थ माणसाला पहाटे जागे करतो, तो या किड्याच्या पोटातील सूक्ष्मजीवांचे खाद्य आहे.

चवीच्या दृष्टीने एखादे भोक असलेले बी फारसे बिघडलेले नसते. तीन-चार भोके, आतून भुगा आणि निळसर-काळी बुरशी असलेले बी मात्र पेल्यात उतरतेच. अशा बोगद्यांतून बुरशीला वाट मिळते, आणि काही बुरशी ऑक्राटॉक्सिन हे विष तयार करतात. भाजल्याने त्याचे प्रमाण घटते, पण ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. म्हणून किडलेले बी ‘भाजले की सारे जळून जाते’ असे म्हणून कढईत टाकू नये.

निवडलेल्या भोकांच्या बियांची संख्या एकूण बियांशी ताडून टक्केवारी काढली की बागेचा त्या वर्षीचा हिशेब समोर येतो. झाडावर राहिलेली आणि जमिनीवर गळालेली फळे हीच या किडीची दोन हंगामांमधील आश्रयस्थाने असतात. तोडणी वेळेवर आणि संपूर्ण करणे, तोडताना झाडाखाली चटई किंवा कापड अंथरणे, राहिलेली व गळालेली फळे वेचणे, किडलेली फळे उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून मग वाळवणे, हे उपाय विस्तार यंत्रणा वर्षानुवर्षे सांगत आली आहे. सापळे आणि ब्यूवेरिया बुरशी यांची मदत होते, तथापि वेचणीची जागा ती घेऊ शकत नाहीत. मजुरी महागल्यामुळे हीच वेचणी आधी वगळली जाते, आणि तिची किंमत पुढच्या वर्षीच्या काट्यावर मोजावी लागते. बैठकीत हे दहादा सांगण्यापेक्षा शेतकऱ्याच्याच बियांचा भोकांचा ढीग ताटात त्याच्यासमोर ठेवणे अधिक परिणामकारक ठरावे.

कढईतील दहा-बारा मिनिटे

भाजणीसाठी यंत्र लागत नाही. जाड बुडाची लोखंडी कढई, लाकडी उलथणे, दोन चाळण्या आणि खेळती हवा पुरे. एका वेळी 80 ते 100 ग्रॅमच घ्यावे. अधिक घेतल्यास खालचे करपते आणि वरचे कच्चे राहते. बियांत ओलावा साधारण 10 ते 12 टक्के असावा. कढई आधी तापवून मध्यम आचेवर बी टाकावे आणि हात क्षणभरही थांबवू नये.

पहिल्या चार-पाच मिनिटांत हिरवट बी पिवळे पडते आणि सुक्या गवताचा वास येतो. मग रंग दालचिनीकडे झुकतो, भाजक्या पावासारखा दरवळ येतो आणि चंदेरी पापुद्रा सुटून कढईत उडू लागतो. आठ-दहा मिनिटांच्या सुमारास पहिला तडतडाट ऐकू येतो, मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा. बियांचे तापमान तेव्हा 196 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. आतील वाफ आणि वायू बियांचे कवच फोडत असतात. येथून पुढे बी स्वतःही उष्णता बाहेर टाकते, म्हणून आच कमी करावी. त्याच आचेवर ठेवले तर पुढील सारे फार झपाट्याने घडते. दुसरा तडतडाट नाजूक असतो, तापल्या तेलात मोहरी टाकल्यासारखा. त्यानंतर बियांवर तेल येते, धूर वाढतो आणि थोड्याच वेळात कोळसा उरतो.

पारख करण्यासाठी पहिला तडतडाट थांबल्यावर मिनिटभरात बी उतरवावे. एका चाळणीतून दुसरीत ओतत, सुपाने वारा घालत तीन-चार मिनिटांत ते हाताला सोसेल इतके गार करावे. कढईत तसेच सोडल्यास ते आतल्या उष्णतेने भाजत राहते. वजन केल्यास 100 ग्रॅमचे 84 ते 87 ग्रॅम भरते. दुसऱ्या तडतडाटापलीकडची काळी भाजणी अनेकांना आवडते, आणि दुधाच्या कॉफीला ती शोभतेही. परंतु नमुना तपासणाऱ्याने ती टाळावी. काळ्या भाजणीत जळका कडूपणा इतका चढतो की बागेचे गुण आणि दोष दोन्ही त्याखाली दबतात. मोठ्या व्यापारात हलका माल काळा भाजण्यामागे हेच गणित असते.

अरेबिका आणि रोबस्टा मिसळायची असल्यास दोन्ही वेगवेगळी भाजून मगच एकत्र करावीत. थालीपिठाची भाजणी करणाऱ्या घराला हे सांगावे लागत नाही; तेथे हरभऱ्याची डाळ आणि धने एकाच वेळी कढईत टाकत नाहीत. उंचावरील घट्ट अरेबिका, सखल भागातील रोबस्टा आणि ‘पीबेरी’ म्हणजे फळात एकच गोल बी धरलेली कॉफी, या सर्वांना आच निरनिराळी लागते.

भाजलेल्या बियांतून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. म्हणून पहिले अर्धा दिवस डब्याचे झाकण सैल ठेवावे. चवीच्या परीक्षेसाठी एक रात्र मुरू देणे पुरेसे असते. रोजच्या पिण्यासाठी दोन-तीन दिवसांनंतरची चव अधिक भरीव लागते. कच्चे बी नीट ठेवल्यास अनेक महिने टिकते, भाजलेले दोन-तीन आठवडे, पूड त्याहून फारच कमी. घरच्या भाजणीचा खरा लाभ यातच आहे. भाजण्याचे कौशल्य व्यावसायिकाकडे अधिक असते, ताजेपणा मात्र घरी.

पेल्यात काय वाचावे

पारख करताना दूध-साखर नको. आठ ग्रॅम जाडसर पूड, त्यावर 150 मिलिलिटर पाणी. पाणी उकळून अर्धा-एक मिनिट थांबलेले, सुमारे 93 अंशांचे. चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्याने मोडून वास घ्यावा, फेस काढावा आणि कोमट झाल्यावर चाखावे. एकाच नमुन्याचे पाच पेले करावेत, कारण एक कुजके बी एकाच पेल्याला बिघडवते. पाचांपैकी एक वेगळा लागला तर दोष तुरळक, पाचही तसेच लागले तर चूक प्रक्रियेत आहे. पूड मिक्सरमध्ये करायची झाल्यास थांबत थांबत फिरवावी, अन्यथा भांड्याच्या उष्णतेनेच सुगंध उडतो.

भाजल्यावरही फिकट राहिलेल्या बिया म्हणजे कच्ची तोडलेली फळे. त्यांच्यात साखर भरलेली नसते, त्यामुळे रंग चढत नाही आणि चव भुईमुगाच्या टरफलासारखी कोरडी लागते. ताटातील अशा बिया मोजल्या की तोडणीच्या मजुरांना लाल फळेच तोडण्याबद्दल किती सांगावे लागेल, हे कळते. शिरक्यासारखा तीव्र आंबटपणा असेल तर तोडलेली फळे पोत्यात रात्रभर पडून तापली, किंवा टाकीत गर सुटण्यासाठी ठेवलेले बी वेळेपेक्षा जास्त राहिले. मातकट, कोंदट वास आला तर वाळवण उघड्या जमिनीवर झाले, थर जाड होता किंवा वाळलेला माल पुन्हा भिजला. जुन्या लाकडाची चव शिळ्या बियांची. कॉफी वास पटकन धरते. मिरी आणि खते एकाच खोलीत ठेवणाऱ्या बागायतदाराला हे पेल्यात पहिल्यांदा जाणवते, तेव्हा तो थोडा चकित होतो. पश्चिम किनाऱ्यावरील मॉन्सून्ड मलबार हा यातील सन्माननीय अपवाद. तेथे दमट वारे मुद्दाम बियांत मुरवले जातात.

रोजच्या पिण्याला अर्थातच दक्षिणेतील दोन भांड्यांच्या फिल्टरला तोड नाही. वरच्या भांड्यात 20 ग्रॅम मध्यम-बारीक पूड, तबकडीने हलके दाबून, त्यावर दीडशे मिलिलिटर गरम पाणी, आणि पंधरा-वीस मिनिटांचा धीर. पूड फार बारीक असेल तर थेंब अडतात, जाड असेल तर पाणी पळून जाते आणि डिकॉक्शन फिके उतरते. चिकोरीने दाटपणा व रंग येतो. ती आवडीची बाब आहे, पण परीक्षेच्या पेल्यात तिला स्थान नाही. घरी भाजलेली पूड विकण्याचा विचार असल्यास अन्नसुरक्षा नोंदणी आवश्यक आहे आणि मिश्रणात चिकोरी असल्यास तिचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. नियमानुसार अशा मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी असलीच पाहिजे.

विस्तार कार्यकर्त्यांना गावपातळीवर यातून साधा कार्यक्रम उभा करता येईल. वाळवण संपताच प्रत्येक शेतकऱ्याने अर्धा किलो स्वच्छ बी आणावे. भोकांची मोजणी, ओलावा, भाजणी आणि चव एकाच दिवशी सर्वांच्या समोर व्हावी. बागेचे नाव पेल्याखाली चिकटवावे, चाखून झाल्यावर उघडावे. कॉफी मंडळाचे ‘कापी शास्त्र’ हे भाजणी व पेयनिर्मितीचे प्रशिक्षण घेतलेली एखादी व्यक्ती सोबत असल्यास उत्तम, नसल्यासही काम अडत नाही. साताठ पेल्यांनंतर कोंदट आणि स्वच्छ चवीतील फरक बहुतेकांच्या जिभेला कळू लागतो. सातपुड्यातील चिखलद्यासारख्या ठिकाणी, जिथे कॉफी थोडकीच आहे आणि मोठा व्यापारी फिरकत नाही, तिथे असा दिवस अधिकच उपयोगी पडावा.

उरलेले कच्चे बी हवाबंद डब्यात, तोडणीची तारीख, वाळवणीचे दिवस आणि भोकांची टक्केवारी लिहून ठेवावे. पावसाळ्यापूर्वी डबा एकदा उघडून पाहावा: ओलावा 11 टक्क्यांवर गेला असेल, तर शिल्लक राहिलेल्या भुंगेऱ्यांची पैदास साठवणीतही चालू राहते, आणि साठवणीतील कॉफी भुंगा अरेसेरस हाही अशाच दमट पोत्यांच्या शोधात असतो.